विंडोज नव्या एसएसडीवर, बूट फायली मात्र जुन्या हार्ड डिस्कवर: जुनी काढली की संगणक चालूच होत नाही

हळदीची पट्टी (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या एका अडत पेढीवर मी हिशेबाचे काम पाहते. पेढीचा संगणक 2019 च्या महापुरानंतर घेतलेला आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या जागेत आधीचा संगणक पाण्यात गेला आणि त्याच्यासोबत दोन वर्षांच्या पट्ट्याही (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) गेल्या. त्यामुळे या विषयात मी जरा जास्तच भित्री झाले आहे, हे आधीच सांगून टाकते.

विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला म्हणून एका दुकानदाराकडून 240 जीबीची नवी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि तिच्यावर विंडोज 11 टाकून घेतले. 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटासाठी आतच ठेवली. सहा महिने काही अडचण आली नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र जुन्या डिस्कमधून घड्याळासारखा टिकटिक आवाज येतो, आणि ती फाइल उघडताना मध्येच थबकते. म्हणून संगणक बंद करून तिची केबल काढून पाहिली, तर पडद्यावर बूट करण्याजोगे, म्हणजे संगणक सुरू करता येईल असे, काहीच सापडत नसल्याचा इंग्रजी संदेश आला. केबल पुन्हा जोडली, तर सगळे पूर्वीसारखे सुरू झाले.

दुकानदाराचे म्हणणे असे की एसएसडीच सदोष असेल, ती बदलावी लागेल. मला ते पटत नाही, कारण विंडोज ज्या सी ड्राइव्हवर आहे तो एसएसडीवरच आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. मग जुनी डिस्क काढल्यावर तो दिसेनासा का व्हावा? सौदा झाला की त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यावी लागते, त्यामुळे संगणक दोन दिवस दुकानात ठेवणे मला परवडणार नाही. घरच्या घरी करता येईल असा उपाय असल्यास कृपया सविस्तर सांगावा.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

ताई, जुनी डिस्क काढून ठेवा आणि एसएसडी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. तासाभराचे काम आहे. माझ्याकडे असेच झाले होते, तेव्हा मी हेच केले.

अजिंक्यतारा (सातारा)

कोयनाकाठ यांचा उपाय चुकीचा नाही, पण टॅली, प्रिंटरची मांडणी, बँकेच्या डिजिटल सहीचे टोकन हे सारे पुन्हा बसवायचे म्हणजे तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. इथे त्याची गरज नाही. आपली एसएसडीही सदोष नाही.

झाले ते असे. यूईएफआय पद्धतीचा (संगणक सुरू करून देणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची ही नवी पद्धत) संगणक चालू होताना थेट सी ड्राइव्हकडे जात नाही. तो आधी फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा एक छोटा विभाग शोधतो, त्यातला विंडोज बूट मॅनेजर उघडतो, आणि विंडोज कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या विभागात आहे हे त्या बूट मॅनेजरला शेजारच्याच बीसीडी या नोंदवहीतून कळते. दुकानदाराने विंडोज 11 टाकले तेव्हा जुनी डिस्क जोडलेलीच होती, आणि तिच्यावर विंडोज 10 च्या काळातला असा विभाग तयार होता. विंडोजच्या इन्स्टॉलरला आयता विभाग सापडला की तो बऱ्याचदा नवा करण्याच्या भानगडीत पडत नाही. बूट फायली त्या जुन्या विभागात ठेवतो आणि विंडोज फोल्डर तेवढे नव्या डिस्कवर टाकतो. घर नवे बांधले, पण किल्ली जुन्या वाड्याच्या कोनाड्यातच राहिली. टाकतानाच जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली असती, तर हा प्रसंगच आला नसता.

याची खातरजमा डिस्क मॅनेजमेंट या विंडोजमधल्या डिस्क आणि त्यांचे विभाग दाखवणाऱ्या साधनात होते. तिथे नावांचा एक विचित्र घोटाळा आहे, तो आधी समजून घ्या. ज्या विभागात बूट फायली असतात त्याला मायक्रोसॉफ्ट सिस्टिम विभाग म्हणते, आणि ज्यात विंडोज फोल्डर असते त्याला बूट विभाग म्हणते. म्हणजे सी ड्राइव्हखाली बूट असे लिहिलेले दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. सिस्टिम हा शब्द कोणत्या डिस्कच्या ओळीत आहे तेवढेच पाहावे. माझ्या अंदाजाने आपल्याकडे तो 465 जीबी दाखवणाऱ्या डिस्कच्या ओळीत असेल आणि 223 जीबीच्या ओळीत नसेल. 500 आणि 240 हे आकडे तिथे असे कमी दिसतात, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.

आता उपाय. आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे, आपण त्या रोमन अक्षरांत टाइप करा. विंडोज चालू असतानाच कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट हे डिस्कचे विभाग करण्याचे साधन सुरू करा. लिस्ट डिस्क लिहिल्यावर दोन्ही डिस्क दिसतील. 223 जीबीची जी असेल तिचा क्रमांक घ्या. तो 1 आहे असे धरले, तर सिलेक्ट डिस्क 1, मग लिस्ट पार्टिशन, मग त्यातल्या सर्वांत मोठ्या विभागाचा, म्हणजे सी चा, क्रमांक देऊन सिलेक्ट पार्टिशन. त्यानंतर श्रिंक डिझायर्ड=300 ही आज्ञा दिली की सी च्या शेपटाकडची 300 एमबी जागा मोकळी होते. त्या जागेत क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=260, पाठोपाठ फॉरमॅट क्विक एफएस=फॅट32, आणि शेवटी असाइन लेटर=झेड. मग एक्झिट. नवा विभाग सी च्या आधी यावा की नंतर, याने यूईएफआयला काही फरक पडत नाही.

आता खरी आज्ञा एकच: बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय. पहिल्या भागात बूट फायली कोणत्या विंडोजसाठी करायच्या ते आहे, तिरक्या रेघेच्या एस पुढे त्या कुठे ठेवायच्या ते आहे. हा एस विसरलात तर आज्ञा यशस्वी झाल्याचेच दाखवेल, पण फायली पुन्हा सध्याच्याच सिस्टिम विभागात, म्हणजे टिकटिकणाऱ्या डिस्कवर जाऊन बसतील. बूट फायली यशस्वीपणे तयार झाल्या असा एका ओळीचा संदेश आला की काम झाले.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर हे सारे करण्याआधी ते तात्पुरते स्थगित करा आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. संगणकातच जपून ठेवलेली की ऐन वेळी कामाला येत नाही.

मिरजेचा तंबोरा (मिरज)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. क्रमाबद्दल मात्र थोडे सांगावेसे वाटते. टिकटिक करणारी डिस्क म्हणजे तार तुटायच्या बेतात असलेले वाद्य, ती किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. म्हणून डिस्कपार्टला हात लावण्याआधी टॅलीचे डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा, आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. संपूर्ण डिस्क एका दमात उतरवायला जाऊ नका. आधी हिशेब, मग बाकीचे. त्या डिस्कवर चेकडिस्क (डिस्कच्या चुका तपासणारी आज्ञा) तर मुळीच चालवू नका, कारण थकलेल्या डिस्कला ते सर्वांत जास्त राबवते.

दुसरे म्हणजे विंडोजचे दुरुस्तीचे साधनही जुन्या डिस्कवरच राहिलेले असू शकते. रीएजंटसी /इन्फो ही आज्ञा दिली की त्याचा पत्ता दिसतो. त्या पत्त्यातला हार्ड डिस्कचा क्रमांक जुन्या डिस्कचा असेल, तर ती जोडलेली असतानाच रीएजंटसी /डिसेबल द्या, म्हणजे ते साधन सी मध्ये परत येते. डिस्क काढून संगणक चालू झाल्यावर रीएजंटसी /एनेबल द्या. आधी डिस्क काढली, तर परत आणायला काही उरत नाही.

संगणक बंद करताना शिफ्ट कळ दाबून शट डाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि त्या अवस्थेत डिस्क काढणे बरे नव्हे.

हळदीची पट्टी (सांगली)

आपणा सर्वांचे आभार. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या लॅपटॉपवर उघडून पाहिला, शेवटच्या पट्टीपर्यंत सगळे आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिस्टिम हा शब्द 465 जीबीच्या ओळीतच निघाला, 100 एमबीच्या एका चिमुकल्या चौकोनात. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिलेले आहे.

एका ठिकाणी अडले आहे. सिलेक्ट डिस्क 1 दिल्यावर पुन्हा लिस्ट डिस्क लिहून पाहिले, तर डिस्क 1 च्या ओळीत डावीकडे एक चांदणी आणि उजवीकडे एक चांदणी दिसते. डिस्क 0 च्या ओळीत फक्त उजवीकडे आहे. निवडलेली डिस्क नेमकी कोणती? इथून पुढे एंटर दाबायला हात धजत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

थांबलात ते उत्तम केलेत. डावीकडची चांदणी निवड दाखवते. उजवीकडची जीपीटी या रकान्यातली आहे, ती डिस्क जीपीटी या विभागांच्या नोंदीच्या नव्या पद्धतीची असल्याचे सांगते. दोन्ही डिस्क जीपीटी आहेत आणि निवड डिस्क 1 ची आहे, म्हणजे आपण योग्य जागी आहात. लिस्ट पार्टिशनमध्येही निवडलेल्या विभागासमोर अशीच डावी चांदणी येते. फॉरमॅटच्या आधी ती एकदा अवश्य पाहा, आणि समोरचा आकडा 260 एमबी असेल तरच पुढे जा. डिस्कपार्ट खात्री करून घेण्यासाठी काहीही विचारत नाही, आणि त्याने केलेले उलटे फिरवण्याची सोय नाही.

मेणवली घाट (वाई)

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझीही तक्रार हीच आहे, पण संगणक जुना आहे आणि बायोस मोडसमोर लेगसी असे येते. मलाही ईएफआय विभाग करावा लागेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

नाही. लेगसी म्हणजे यूईएफआयच्या आधीची जुनी पद्धत. आपली डिस्क एमबीआर या विभागांच्या नोंदीच्या जुन्या पद्धतीची असणार, तिथे ईएफआय विभागाचे काम नाही. एसएसडीवरचा सी विभाग डिस्कपार्टमध्ये निवडून ॲक्टिव्ह ही आज्ञा द्या, बाहेर या आणि बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस चालवा. जुनी डिस्क काढल्यावर तरीही चालू झाला नाही, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन बूटरेक /फिक्सएमबीआर द्या. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून आधी डीआयआर लिहून विंडोज फोल्डर कुठे आहे ते पाहा.

हळदीची पट्टी (सांगली)

रविवारी पेढी बंद असताना सारे केले. श्रिंक पहिल्याच वेळी झाले. बीसीडीबूटने मात्र आधी फायली नक्कल करता येत नसल्याचे सांगितले. पंधरा मिनिटे तशीच घामाघूम बसले, मग लक्षात आले की असाइन लेटर लिहायचेच राहून गेले होते, झेड नावाचे तिथे काही नव्हतेच. अक्षर दिल्यावर दुसऱ्या वेळी यशाचा संदेश आला.

रीएजंटसीचा पत्ता जुन्या डिस्कचाच निघाला, म्हणून तंबोरा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी डिसेबल केले. बंद करण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये, डोकावले, तर बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर हे नाव दोनदा होते, पुढे लिहिलेल्या डिस्कच्या नावावरूनच काय तो फरक कळत होता. एसएसडीची नोंद वर घेतली, संगणक बंद केला, भिंतीवरचे बटण बंद केले आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढल्या. चालू केल्यावर थेट विंडोज आले. टॅलीने डेटा सापडत नसल्याचे सांगितले, पण ते अपेक्षितच होते. पेनड्राइव्हवरचे फोल्डर सी मध्ये ठेवून टॅलीतला डेटाचा मार्ग बदलला. एनेबल करून रीएजंटसी /इन्फो पुन्हा पाहिले, आता पत्ता एसएसडीचा आहे.

जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवली आहे. तिच्यावर 2021 च्या आधीच्या काही पट्ट्यांची छायाचित्रे अजून उतरवायची राहिली आहेत. ती यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडली, तर संगणक पुन्हा तिच्यावरूनच चालू व्हायचा प्रयत्न करील का?

मिरजेचा तंबोरा (मिरज)

संगणक पूर्ण चालू झाल्यावरच डबी जोडा आणि बंद करण्याआधी काढून घ्या, म्हणजे तो प्रश्नच येणार नाही. छायाचित्रे एकेका वर्षाची घ्या, आणि डिस्क हाताला गरम लागली की थांबा.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

माझेही दोन दिवस वाचले असते म्हणायचे.