नौबत पहाडवरचं बिर्ला मंदिर: शिखर नीट पाहा

'हैदराबादचं बिर्ला मंदिर म्हणजे नुसता पांढरा संगमरवर, वास्तू म्हणून त्यात काही नाही', असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. संगमरवर आहेच, तोही तब्बल 2000 टन, पण खरी गंमत रचनेत आहे. आत शिरताना दाक्षिणात्य धाटणीचं, एकावर एक मजले लहान होत जाणारं गोपुर, म्हणजे प्रवेशद्वारावरचा मनोरा, लागतं. मान वर करून गाभाऱ्यावरचं शिखर बघा, ते मात्र थेट ओडिशाचं! बराच वेळ जवळजवळ सरळ चढतं आणि माथ्याशी येऊन एकदम आत वळतं, त्यावर आमलक, म्हणजे खाचाखाचांची गोल दगडी चकती. भुवनेश्वरची देवळं पाहिलेल्यांना ओळख लगेच पटेल. नक्षीकामात राजस्थानी हात दिसतो तो वेगळाच. आणि एवढ्या पांढऱ्या दगडात आत उभी असलेली बालाजीची सुमारे 11 फुटी ग्रॅनाइटची मूर्ती काय उठून दिसते!

आणखी एक सांगते, या देवळात घंटाच नाहीत. ध्यानाला शांतता हवी म्हणून त्या मुद्दाम टाळल्या, असं सांगतात. 1976 साली रामकृष्ण मठाच्या स्वामी रंगनाथानंदांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. घंटा न ठेवण्याचा निर्णय मला फार आवडतो, कारण गर्दीतही डोळे मिटून उभं राहता येतं. जाणार असाल तर संध्याकाळच्या सुमारास जा, वरून हुसेनसागर तलाव छान दिसतो. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा शिखराचे फोटो खालूनच काढून घ्या.