मदत हवी आहे: माळवद उतरवून स्लॅब टाकावा का? (सोमवारच्या आत सांगा)

वसमतची_लेक | शुक्रवार, रात्री ९.४०
गावाकडच्या घराच्या भिंतीला तडा गेलाय. गवंडी म्हणतो, माळवद (मातीचं सपाट छप्पर) उतरवा आणि स्लॅब टाका, भिंती दणकट आहेत. आबा म्हणतात स्लॅब नको, वरची माती तेवढी नवी टाकू. सोमवारी गवंडी येणार आहे आणि ॲडव्हान्स मागतोय. टाकावा की नाही? "इंजिनिअरला दाखवा" एवढंच लिहून जाऊ नका, आमच्या गावात इंजिनिअर नाही. मी पुण्यात, फोनवर भांडून डोकं उठलंय. हो की नाही, एवढंच सांगा.

रिकामटेकडा | ९.५२
गाव कुठलं? भिंत दगडाची, विटांची की मातीची? तडा उभा की आडवा, केवढा, कधीपासून? फोटो टाका. एवढ्यावर तर वैद्यही औषध देत नाही.

वसमतची_लेक | १०.०५
आयडीवरून कळायला हवं होतं. वसमत तालुका, हिंगोली जिल्हा. भिंत दगडाची, जुन्या घरांची असते तशी. फोटो आबांना काढता येत नाही.

सिमेंटवाला | १०.१२
हो. डोळे झाकून स्लॅब टाका. आम्ही २०१९ ला टाकला, एक थेंब गळत नाही. माळवद म्हणजे दर पावसाळ्यात माती टाका, घुशी काढा, गवत उपटा. कोणाला वेळ आहे?

औशाचा_मिस्त्री | १०.३१
सिमेंटवाले दादा, तुमच्या भिंती विटांच्या असतील. ताई, दगडाच्या भिंतीत दगडाला दगड कशानं धरलाय? चुना, सिमेंट की माती? आणि घरात लाकडी खांब आहेत का? हे कळल्याशिवाय हो म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

काळी_माती | १०.४४
माळवदाची निंदा करू नका. आमच्या जालन्याकडं मे महिन्यात स्लॅबच्या घरात माणूस भाजून निघतो, माळवदाखाली गोधडी घ्यावी लागते. ७२ च्या दुष्काळात माझी आई रोजगार हमीच्या खडीवर जायची, सुकडी खाऊन दिवस काढले, पण घरी आलं की गारवा. आता लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती गत का झाली त्यावर कोणी धागा काढत नाही.

रिकामटेकडा | १०.५०
काका, पाण्याचा धागा वेगळा काढा, मी येतो तिथं.

वसमतची_लेक | शनिवार, सकाळी ७.१५
आबांना विचारलं. दगड मातीत बसवलेत. खांब आहेत, सागाचे, बारा. तडा कोपऱ्यात उभा आहे, वरून खाली, बोट जातं. मागच्या धक्क्यानंतर दिसला म्हणतात.

रिकामटेकडा | ७.२२
कुठला धक्का?? हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो!

वसमतची_लेक | ७.३०
आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहिलं नाही. १० जुलै २०२४, सकाळी सव्वासात, ४.५ चा. २१ मार्चलाही पहाटे सहाच्या सुमारास तेवढाच झाला होता. पांगरा शिंदेकडं तर जमिनीतून आवाज येण्याचं लोकांना काही वाटेनासं झालंय. माझा प्रश्न स्लॅबचा आहे.

शंकासूर | ८.०४
हे सगळं धरणांमुळं. कोयनेचं सिद्ध झालंय. ९३ ला भूकंप झाला त्या किल्लारीजवळ माकणीचं धरण होतंच. तुमच्याकडं येलदरी, सिद्धेश्वर आहे. दोन अधिक दोन चार.

भूगोलाचा_मास्तर | ८.४०
शंकासूरजी, एवढं सरळ नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं जलाशयाशी नातं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. किल्लारीचं अजून वादात आहे. उलट किल्लारीनं धक्का दिला तो वेगळाच, हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. दख्खनचं पठार म्हणजे अढळ, हे आम्ही पोरांना फळ्यावर लिहून देत होतो.

अवांतर, पण सांगण्यासारखं: कोयनेचा भूकंप किल्लारीपेक्षा थोडा मोठाच होता आणि तिथं मृत्यू दोनशेच्या आत. किल्लारीला ६.२ ची तीव्रता आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दोन्ही वेळा पहाट, दोन्ही वेळा लोक झोपेत. आमच्या भागातली दाट वस्ती आणि डोक्यावरचं ओझं हिशेबात धरा, मग धरणावर बोलू.

शंकासूर | ८.४६
म्हणजे धरण कारण नाही हे तुम्ही सिद्ध केलं का?

भूगोलाचा_मास्तर | ८.५१
नाही. आणि ताईंनी ते विचारलेलंही नाही.

पंचनामा_प्रेमी | ९.२०
तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला का? भरपाईचा अर्ज, सातबारा नाही तर नमुना आठ, आधार, बँक पासबुक. धक्क्यानंतर लगेच द्यायला हवा होता.

वसमतची_लेक | ९.२५
भरपाई नको आहे. स्लॅब. स्लॅब टाकावा का?

औशाचा_मिस्त्री | १०.१०
नाही. आता कारण ऐका, उगाच नाही म्हणत नाही.

९३ नंतर मजबुतीकरणाच्या कामावर चार वर्षं होतो. पडलेल्या भिंती उघड्या बघितल्यात. अडीच-तीन फूट जाड भिंत म्हणजे लोकांना किल्ला वाटायचा. आत बघाल तर दोन पदर, एक आतला, एक बाहेरचा, आणि मधे मुरूम, खडे, माती भरलेली. दोन्ही पदरांना धरणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसला की मधली भर खाली बसते, बाहेरचा पदर पोट काढतो आणि एका बाजूला उलटतो. कोपरा तर आधी सुटतो, कारण तिथं दोन भिंती एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. तुमचा उभा तडा तोच आहे.

आता वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरली तरी साडेचार टन. भिजली की आणखी.

सिमेंटवाला | १०.१८
मग तर स्लॅबच हलका! पाच इंची स्लॅब तेवढ्याच खोलीवर तीन टन होतो. तुमच्याच हिशेबानं मी जिंकलो.

औशाचा_मिस्त्री | १०.३५
वजनात जिंकलात, बसवण्यात हरलात. माळवदाचं ओझं आज कोण पेलतंय? खांब आणि तुळया. भिंत नुसती आडोसा आहे. स्लॅब टाकताना गवंडी खांब काढणार आणि ते सगळं ओझं त्या पोकळ भिंतीच्या आतल्या पदरावर ठेवणार. वर भिंती बांधून धरणारा पट्टा नाही, खाली पाया मातीचा. असली तीन घरं दाखवू शकतो, भूकंप न होता भिंत फुगली.

ताई, एक विचारतो, राग मानू नका. काढलेल्या लाकडाचं काय करायचं म्हणाला गवंडी?

वसमतची_लेक | ११.०२
तो नेणार आहे. मजुरीत वळतं करतो म्हणाला.

रिकामटेकडा | ११.०३
बाराही खांब??

औशाचा_मिस्त्री | ११.०९
आता कळलं भिंती दणकट का आहेत ते.

सिमेंटवाला | ११.२०
सगळे गवंडी चोर नसतात. पण हो, जुना साग मजुरीत देऊ नका. एवढं मान्य.

जुनी_किल्लारी | दुपारी १.४५
मी सहसा या विषयावर लिहीत नाही. विसर्जनाची रात्र होती, मी नऊ वर्षांचा. तीन वाजून छप्पन्न मिनिटं हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा फक्त धूळ कळली, तोंडात, नाकात, आणि कुत्री गप्प झालेली. उजाडल्यावर बघितलं तर आमच्या मधल्या खणाचे खांब उभे होते, वर तुळई, वर किलचनाच्या लाकडी पट्ट्या, सगळं जागेवर. भिंती चारही बाजूंनी गेल्या होत्या. आजी मधे, खांबाजवळ झोपायची, ती निघाली. आजोबांचं अंथरूण भिंतीला लागून असायचं, उन्हाळ्यात दगड गार लागतो म्हणून.

वर्षभर आधीही हादरे बसले होते. तेव्हा चार दिवस सगळे अंगणात झोपले, मग थंडी पडली, मग सवय झाली. ताई, स्लॅबचं मला कळत नाही. तुमचे आईवडील झोपतात कुठं?

वसमतची_लेक | २.३०
कोपऱ्यातल्या खोलीत. त्याच.

भूगोलाचा_मास्तर | २.४१
आज संध्याकाळी तिथून हलवा, बाकी चर्चा होत राहील. किल्लारीच्या हादऱ्यात ४.५ च्या साडेतीनशे पट ऊर्जा होती. तुमच्याकडं तसं होईलच असं कोणी म्हणत नाही, तारीख कोणालाच सांगता येत नाही. पण ४.५ नं ज्या कोपऱ्यात बोट जातंय, तिथं खाट नको.

पत्रेवाला_पाटील | ३.१०
सोप्पं आहे. सगळं पाडा, पत्रे मारा. भूकंपानंतर आम्ही वर्षानुवर्षं पत्र्याखाली झोपलो.

काळी_माती | ३.२२
आणि मे महिन्यात?

पत्रेवाला_पाटील | ३.२५
मे महिन्यात लिंबाखाली.

औशाचा_मिस्त्री | ४.००
पाडायचं की राखायचं ते भिंत बघितल्यावरच ठरेल. फोनवरून आबांकडून एवढं करून घ्या. ओळंबा घेऊन भिंतीच्या वरच्या कडेपासून सोडा, मधे भिंत दोरीला टेकते का बघा. टेकली तर पोट आहे. नारळाएवढा दगड घेऊन हळू ठोका, भदभद आवाज आला तर आतली भर बसलीय. तड्यावर दोन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका द्या, त्यावर तारीख लिहा. ठिपका फुटला तर तडा चालतोय. आणि सान्यात (छतातल्या उजेडाच्या झरोक्यात) हात घालून माती मोजा, तिथं थर दिसतात.

राखायचं ठरलं तर आधी वरची माती सात-आठ इंचांवर आणायची आणि वर ताडपत्रीसारखा जाड प्लास्टिक कागद घालून लिंपायचं, म्हणजे गळतही नाही. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू ठोकायचे. भिंतीत साधारण मीटर-मीटरवर आरपार भोक पाडून, आकडे वळवलेली आठ एमएमची सळई घालून काँक्रीट भरायचं. हाच तो आरपार दगड, उशिरा घातलेला. मग दारांच्या वर चारही बाजूंनी जाळीचा पट्टा. भोकं घण घालून पाडायची नाहीत, पहारीनं एकेक दगड सैल करून काढायचा. हे काम येणारा माणूस बघा, नांदेडच्या अभियांत्रिकी कॉलेजात स्थापत्यवाल्यांना विचारा. इंजिनिअर नको म्हणालात तरी सांगतो.

शंकासूर | ४.३०
आणि पांगऱ्याच्या आवाजाचं काय? त्यावर सगळे गप्प.

वसमतची_लेक | सोमवार, रात्री ८.१०
उशिरा लिहितेय, माफ करा. शनिवारीच रात्रीच्या गाडीनं आले. आबांची खाट ओसरीवर काढली, दोन तास वाद झाला, शेवटी मायनं गादीच उचलून नेली. ओळंबा सोडला, कोपऱ्यापासून चार हातांवर दोरी टेकते. सान्याच्या कडेला टेप लावला, माती चोवीस इंच. आबा म्हणाले, त्यांच्या वडलांनी टाकली होती एक वीत, बाकी दरवर्षी पाटी-पाटी. म्हणजे मिस्त्रीकाकांच्या हिशेबानं नऊ टन डोक्यावर घेऊन झोपायलेत दोघं.

गवंडी सकाळी आला. खांब द्यायचे नाहीत म्हटल्यावर, मग या पैशात परवडत नाही म्हणाला आणि चहा न घेता गेला. नांदेडहून गुरुवारी एक सर बघायला येणार आहेत. माती उद्यापासून उतरवतोय, चार माणसं सांगितलीत. एकच अडलंय, एवढी माती टाकायची कुठं? दारात ढीग घातला तर पावसाळ्यात भिंतीलाच ओल.

काळी_माती | ८.१६
शेतात! पांढरी जुनी माती म्हणजे सोनं. आमच्याकडं गढीची माती गाडीगाडीनं रानात नेली लोकांनी. हळदीच्या रानात पसरा.

औशाचा_मिस्त्री | ८.२०
एका कडेनं उतरवू नका. दोन्ही बाजूंनी सारखी, पाटी-पाटीनं. एकीकडं हलकं झालं की तुळई फिरते. आणि उतरवताना खाली घरात कोणी थांबायचं नाही, चहा द्यायलाही नाही.

लाकूडबाजार_परभणी | ९.०५
नमस्कार. सागाचे बारा खांब विकायचे असल्यास योग्य भाव मिळेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

वसमतची_लेक | ९.०७
नाहीत विकायचे.