ठिसूळ हाडांचा उंदीर: ओआयएम घ्यावा की जी६१०सी?

हाडकुळा (प्रश्न)
नमस्कार मंडळी. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांच्या आजारावर पीएचडीचं काम आखतोय. एका औषधाने हाडाची मजबुती वाढते का, एवढंच उंदरांत पाहायचं आहे. समोर दोन वाण आहेत, ओआयएम आणि जी६१०सी. गाईडचा कल ओआयएमकडे, कारण त्यावर पेपर भरपूर. औषध दिलेले रोगी, न दिलेले रोगी आणि निरोगी, असे तीन गट. प्रत्येकी १० नर. तर वाण कोणता घ्यावा, पिल्लं किती लागतील आणि जीनोटायपिंग (कोणत्या पिल्लात बिघडलेली प्रत आहे ते डीएनएवरून ओळखणं) नुसत्या पीसीआर-जेलवर (डीएनएचा तुकडा वाढवून लांबीनुसार पट्टे पाडून) भागेल का? एथिक्स कमिटीच्या फॉर्म बीमध्ये आकडा आधीच द्यावा लागतो, म्हणून घाई.

कोलॅजेनवाला
पेपर किती आहेत हा निकष बाजूला ठेवा. या दोन उंदरांत हाडं मोडतात एवढंच साम्य. बिघाड वेगवेगळा आहे.

टाइप-१ कोलॅजेनचा रेणू दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२ साखळी मिळून बनतो. ओआयएममध्ये कॉल१ए२ या अल्फा-२ च्या जनुकाच्या शेवटाकडे डीएनएचा एकच बेस (अक्षर), जी, गळलाय. त्यामुळे वाचनचौकट सरकते, सी-प्रोपेप्टाइडची (साखळ्या जुळवणाऱ्या टोकाच्या तुकड्याची) शेपटी बदलते आणि अल्फा-२ ला बाकीच्या साखळ्यांशी जुळताच येत नाही. मग तीन अल्फा-१ एकत्र येऊन काम रेटतात. हा उत्स्फूर्त बदल. त्याचं वर्णन १९९३ साली आलं. गंभीर आजार दिसायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. रुग्णांमध्ये ही तऱ्हा फार विरळ. बहुसंख्य रुग्णांत कॉल१ए१ (अल्फा-१ चं जनुक) किंवा कॉल१ए२ मधला प्रभावी, म्हणजे एका प्रतीतूनच आजार देणारा, बदल असतो, आणि त्यातही ग्लायसीनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल येणं हे नेहमीचं. तिपेडी वळणाच्या आत फक्त ग्लायसीनच मावतं, म्हणून साखळीत दर तिसरी जागा त्याची.

जी६१०सी त्या जातीचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या ओल्ड ऑर्डर आमिश लोकांत हा बदल सापडला आणि तोच उंदरात बसवला. पेपर २०१० चा. एक प्रत पुरते. प्रत्येक रेणूत अल्फा-२ एकच असल्याने हेटमध्ये (एकच प्रत बदललेल्या उंदरात) निम्मे रेणू सदोष निघतात. हाच प्रकार अल्फा-१ मध्ये झाला तर तीन चतुर्थांश रेणू बिघडतात. ब्रिटल-४ नावाच्या उंदरात तसं होतं. जी६१०सी मध्ये प्रोकोलॅजेन नीट घडी न पडता पेशीच्या आतल्या जाळ्यातच अडकतं, म्हणजे हाड घडवणारी ऑस्टिओब्लास्ट पेशीच आजारी पडते.

तेव्हा आधी सांगा, औषध काम कुठे करतं? हाडाची झीज थांबवणारं किंवा नवं हाड वाढवणारं असेल तर ओआयएम चालेल, फरकही ठळक दिसेल. पेशीच्या आतला ताण कमी करणारं असेल तर ओआयएमवर वेळ घालवू नका.

मूषकपाल
आकड्यांचं बघू. ओआयएमसाठी हेट नर आणि हेट मादी अशी जोडी लावायची. रोगी चौथा हिस्सा, त्यातले निम्मे नर, म्हणजे आठात एक. तुम्हाला रोगी नर २० हवेत, म्हणून १६० पिल्लं. होमो (दोन्ही प्रती बदललेल्या) पिल्लांपैकी काही दूध तोडण्याआधी दगावतात, मोठी होतानाही काही गळतात. त्यामुळे २०० धरा. वेताला सरासरी ६ पिल्लं धरली तर ३३-३४ वेतं. बारा जोड्यांची तीन-तीन वेतं घेतलीत की जमतं. होमो मादीला गाभण ठेवू नका. कंबरेचं हाडच नाजूक, वितानाच मोडतं.

जी६१०सी मध्ये हेट आणि वाइल्ड टाइप (बदल नसलेला) अशी जोडी लावा. चारात एक रोगी नर, म्हणून ८० पिल्लांत काम, आणि निरोगी नर त्याच वेतांतून मिळतात. हेट-हेट लावण्याचा मोह टाळा. होमो पिल्लं जन्माच्या आसपास मरतात, मग दूध तोडताना १:२:१ ऐवजी एक वाइल्ड टाइपला दोन हेट दिसतात आणि पीसीआर चुकला म्हणून आठवडाभर धावाधाव होते.

फॉर्ममध्ये जन्मणारी सगळी पिल्लं मोजा, वापरलेली तेवढीच नव्हे. कंट्रोल (तुलनेचे निरोगी) म्हणून बाहेरून आणलेले ब्लॅक-६ (प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण) चालणार नाहीत, भावंडंच हवीत. सीथ्रीएच या दुसऱ्या वाणाच्या उंदराचं हाड ब्लॅक-६ पेक्षा मुळातच घट्ट असतं आणि मूळ ओआयएम या दोघांच्या मिश्र पार्श्वभूमीवरचा (बाकीची जनुकं दोन्ही वाणांची) आहे. जी६१०सी ची तीव्रताही पार्श्वभूमीनुसार बदलते. कोणत्या पार्श्वभूमीवर किती पिढ्या बॅकक्रॉस (त्याच वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) झालाय, ते वाण देणाऱ्याकडून लेखी घ्या.

ओआयएम होमोचं दूध २१ व्या दिवशी तोडू नका, २८ पर्यंत थांबा. भिजवलेला खाऊ तळाशी ठेवा, दात कच्चे असतात. शेपटीला धरून उचलायचं नाही; नळीत घ्या किंवा ओंजळीत. भांडखोर नर वेळीच वेगळे करा, नाहीतर मारामारीतली मोडतोड तुमच्या डेटात येऊन बसेल.

जेलबाज
ओआयएममध्ये एका बेसचा फरक, तो ॲगरोज जेलवर दिसणार नाही. पीसीआर करून सँगर सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं) करा. हेटमध्ये गळलेल्या जागेपासून पुढे आलेखातली शिखरं एकावर एक चढलेली दिसतात. दोन्ही बाजूंनी वाचा. उंदीर फार असतील तर प्रोबवाला रिअल-टाइम पीसीआर स्वस्त पडतो.

पडताळा प्रथिनावर घ्या. शेपटीचा स्नायुबंध ०.५ मोलर ॲसिटिक आम्लात, ०.१ मिग्रॅ/मिली पेप्सिनबरोबर ४ अंशांवर रात्रभर ठेवा आणि ६ टक्क्यांच्या एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या) चालवा. ओआयएम होमोत अल्फा-२ चा पट्टा नसतोच. त्वचा वापरलीत तर टाइप-३ कोलॅजेन मध्ये येतं आणि रिड्यूस केल्यावर (साखळ्यांमधले गंधकाचे बंध तोडल्यावर) अल्फा-१ च्या पट्ट्यावर बसतं, म्हणून स्नायुबंधच बरा.

जी६१०सी मध्ये मात्र जेल पुरतं. इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) लॉक्सपीचा, म्हणजे बदल बसवतानाचा, तुकडा उरलाय, त्यामुळे बदललेल्या प्रतीचा पट्टा मोठा येतो. हेटमध्ये वर तिसरा धूसर पट्टा दिसला तर तो हेटरोडुप्लेक्स (दोन्ही प्रतींचे धागे एकमेकांत जुळलेले), दचकू नका. डीएनए खराब असेल तर छोटाच पट्टा वाढतो आणि हेट वाइल्ड टाइप वाटतो. दर प्लेटवर माहीत असलेला हेट ठेवा.

हाडकुळा
सगळ्यांचे आभार. औषध स्क्लेरोस्टिन (हाड वाढू न देणारं प्रथिन) रोखण्याच्या वाटेचं आहे, पेशीच्या आतलं नाही. पण रुग्णांशी जुळावं म्हणून जी६१०सी कडेच वळतोय. मोजमाप काय काय घेऊ?

कोलॅजेनवाला
जी६१०सी हेट सौम्य असतो, त्यामुळे दर गटाला १० पुरतील का ते पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) काढून बघा. मी १५ धरेन. वरचा ८० चा आकडा त्याच प्रमाणात १२० होईल.

प्राणी संपवल्यावर आधी पूर्ण शरीराचा एक्स-रे. मोडून जुळलेलं हाड मायक्रोसीटीत (सूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) गेलं तर भरावामुळे हाडाचं आकारमान फुगतं आणि औषध गुणकारी वाटतं. अशी मांडी बाद करायची. निकष आधी लिहून ठेवा, जीनोटाइप आणि गट न बघता लावा. स्कॅन १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. स्पंजी भाग मांडीच्या गुडघ्याकडच्या टोकाला, कॉर्टेक्स (बाहेरचा घट्ट थर) मध्यावर. या आजारात हाड प्रमाणापेक्षा जास्त खनिजलेलं असतं. थ्रेशोल्ड (किती घनतेपासून हाड धरायचं ती सीमा) सगळ्या गटांना एकच ठेवा आणि खनिजघनता वेगळी द्या. ब्लॅक-६ चा मांडीतला स्पंजी भाग लवकर ओसरतो, म्हणून औषध ८ आठवड्यांच्या आत सुरू करा.

मायक्रोसीटी झाली की तीच मांडी तीन-बिंदू वाकवणीला (मोडेपर्यंत वाकवण्याच्या चाचणीला). फॉर्मलिन लागू देऊ नका, ते कोलॅजेन बांधून टाकतं; सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून उणे २० वर ठेवा. फक्त कमाल बल देऊन थांबू नका. हाड जाड झालं की बल वाढतंच, ठिसूळपणा तसाच राहू शकतो. यील्डनंतरचं (कायमचं वाकू लागल्यापासून मोडेपर्यंतचं) विस्थापन पाहा, रेफरी पहिला प्रश्न तोच विचारतील.

मूषकपाल
कॅल्सीन (नव्या हाडात बसणारा चमकता रंग) विसरू नका, नवं हाड बनलं हे त्यावरच दिसतं. २ टक्के सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवा, पीएच ७.४, बाटलीला फॉइल. संपवण्याच्या ७ आणि २ दिवस आधी पोटात १० मिग्रॅ/किग्रॅ. कॅल्सीन पाहायच्या मांडीचं डीकॅल्सिफिकेशन केलंत तर खनिजाबरोबर कॅल्सीनही जातं. ते हाड प्लास्टिकमध्येच बसवा. दुसऱ्या पायाची नडगी ईडीटीएत (खनिज काढणाऱ्या द्रावणात) टाका, पेशींची मोजणी तिच्यावर होईल.