मदत हवी आहे: मराठी ग्रंथसूचीच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये शोध आणि अकारविल्हे क्रम दोन्ही चुकत आहेत

नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी मी ग्रंथसूचीचे वेब ॲप्लिकेशन तयार करत आहे. मागे जँगो (पायथनमधील वेब चौकट) आणि पोस्टग्रेस १५ (डेटाबेस) आहे, पुढे साधी एचटीएमएल पाने आहेत आणि जावास्क्रिप्ट जेमतेम गरजेपुरती आहे. सुमारे अठरा हजार नोंदी आहेत आणि त्यांतील बहुतेक मराठी पुस्तकांच्या आहेत. वेग किंवा सर्व्हर यांविषयी काही प्रश्न नाही. अडचण आहे ती मजकुराची. पुस्तक कपाटात असते, त्याची नोंद डेटाबेसमध्ये असते, यादीत ती डोळ्यांना दिसते, आणि तरीही शोधचौकटीत तेच शब्द टंकले की एकही नोंद सापडली नसल्याचे उत्तर येते. वाचक ते उत्तर खरे मानतो आणि पुस्तक ग्रंथालयात नाही असे समजून परत जातो. ग्रंथसूचीने करू नये अशी गोष्ट कोणती असेल तर ती हीच, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडत आहे.

नोंदी तीन ठिकाणांहून आल्या आहेत. काही जुन्या संगणकप्रणालीतून आल्या असून त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या व नंतर रूपांतरित केल्या गेल्या. काही स्वयंसेवकांनी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकल्या, तर काही मोबाइलवरून भरल्या गेल्या. त्यामुळे एकच शब्द डेटाबेसमध्ये निरनिराळ्या कोडक्रमांनी साठवला गेला आहे. सर्वांत जास्त त्रास 'दुसऱ्या' या शब्दाने दिला. काही नोंदींत तो ऱ (कोड ०९३१), हलन्त आणि य असा आहे. काहींत साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) आणि य असा आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शिवाय काही नोंदींत जॉइनर गळून गेल्यामुळे 'दुसर्या' असे सरळ चुकीचे रूप उरले आहे. दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तके मागणारा वाचक कोणता कळफलक वापरतो यावर त्याला त्यांतली किती दिसतील हे ठरावे, हे मला पटत नाही.

मी नोंद साठवताना आणि शोध घेताना, अशा दोन्ही वेळी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणतो. त्यामुळे नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) अक्षरांचा गोंधळ मिटला, परंतु वरील फरक तसाच राहिला. 'ॲ' या अक्षराचेही तेच: कोठे ते एकसंध आहे, तर कोठे अ आणि त्यापुढे चंद्राची खूण अशी दोन चिन्हे आहेत. शोध घेताना अक्षरांवरील सर्व खुणा काढून टाकाव्यात, असा सल्ला अनेक ठिकाणी वाचला. तो युरोपीय भाषांना लागू पडत असेल. देवनागरीत त्याने ु, े, ं आणि हलन्त नाहीसे होतात, पण ा, ि, ी मात्र वेगळ्या वर्गात मोडत असल्यामुळे टिकतात. 'कुत्रे' या शब्दाचे त्यामुळे 'कतर' होते. असा उपाय मला चालणार नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, ही निरनिराळी रूपे एकत्र आणण्याची खात्रीची पद्धत कोणती, आणि ती मूळ शीर्षकावर लावावी की वेगळ्या स्तंभात? दुसरा, संग्रहात १९६२ पूर्वीची बरीच पुस्तके आहेत आणि त्यांची शीर्षके मुखपृष्ठावर आहेत तशीच, म्हणजे 'नांव', 'कांही', 'कवि' अशा लेखनात नोंदवलेली आहेत. आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला ती कशी सापडतील? तिसरा, यादी अकारविल्हे लावली असता ळ ने सुरू होणारे शब्दांश ल आणि व यांच्यामध्ये येतात, आणि 'क्षितिज' हा शब्द क च्या गटात जातो. आमच्या ग्रंथपालांना ळ, क्ष आणि ज्ञ हे ह च्या नंतर हवे आहेत.

आपल्यापैकी कोणी असे काम केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: ओळअंतर

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मूळ शीर्षकाला हात लावू नये. ते पुस्तकावर जसे छापले आहे तसेच राहावे, फक्त एनएफसी रूपात असावे. शोधासाठी शेजारी दुसरा स्तंभ ठेवावा आणि त्यात मूळ मजकुरापासून काढलेली शोधकळ, म्हणजे केवळ ताडणीसाठी एकसारखे केलेले रूप, साठवावी. वाचकाने टंकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जावा आणि मग दोन कळा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. ज्या फंक्शनने नोंदीची कळ काढली त्याच फंक्शनने प्रश्नाची कळ काढली गेली, तर बाकीचे बरेच सोपे होते.

एनएफसीने आपले काम का झाले नाही, तेही सांगतो. र आणि त्यापुढे नुक्ता ही जोडी युनिकोडच्या लेखी ऱ शी समतुल्य आहे, त्यामुळे एनएफसी ती एकत्र करते. र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम मात्र युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य केलेला आहे. तो दिसायला सारखा असला तरी समतुल्य धरलेला नाही. 'ॲ' हे एकसंध अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आले आणि त्याचेही विघटन ठरवलेले नाही. म्हणून ही दोन्ही रूपांतरे आपल्यालाच लिहावी लागतात.

त्यांत क्रम फार महत्त्वाचा आहे. अनेक जण सुरुवातीलाच सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकतात. तसे केल्यास जॉइनर असलेला 'दर्‍या' हा शब्द थेट 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्या समुद्र होऊन बसतात. आधी एनएफसी करावे. मग र, हलन्त व जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ व हलन्त ठेवावे. आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर व नॉन-जॉइनर (अक्षरे जोडू न देणारे अदृश्य चिन्ह) काढावेत. जॉइनर गळालेल्या 'दुसर्या'सारख्या नोंदी कोणत्याही सामान्य नियमाने दुरुस्त करू नयेत, कारण 'आर्या', 'सूर्या', 'चर्या' हे शब्द बरोबर आहेत. अशा शब्दांची यादी डेटाबेसमधून काढून ती माणसाने पाहावी. अठरा हजार नोंदींत ती आटोक्यातली असेल.

परसवर्णाचा नियम याच कळेत घालता येतो. ङ् पुढे क-वर्ग, ञ् पुढे च-वर्ग, ण् पुढे ट-वर्ग, न् पुढे त-वर्ग आणि म् पुढे प-वर्ग आल्यास त्या हलन्त अनुनासिकाचा अनुस्वार करावा, म्हणजे 'आनन्द' आणि 'आनंद', 'आम्बा' आणि 'आंबा' एकत्र येतात. वर्गातील फक्त पहिली चार व्यंजने घ्यावीत. त्यामुळे 'अन्न', 'जन्म', 'तुम्ही', 'वाङ्मय' हे शब्द जसेच्या तसे राहतात.

प्रतिसाद: दाखलनोंद

मी ग्रंथालयातील सूचीकरणाचे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आपल्याला त्रास देणारे बदल मुख्यत्वे दोन आहेत: व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार गेले, आणि शब्दाच्या शेवटचे इकार व उकार दीर्घ झाले. 'कवि'चे 'कवी' आणि 'गुरु'चे 'गुरू' झाले ते यामुळे.

माझे आग्रहाचे सांगणे असे की मूळ शीर्षक आजच्या लेखनात बदलू नका. शीर्षक हे पुस्तकाच्या ओळखीचा भाग आहे आणि संशोधकाला ते छापले होते तसेच हवे असते.

शोधासाठी मात्र दुसरी, अधिक सैल कळ करा. तिच्यात सर्व अनुस्वार गाळा आणि इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ एकच माना. ही कळ धोक्याची आहे हे लक्षात ठेवावे लागेल, कारण तिच्या दृष्टीने 'चिंता' आणि 'चिता' एक आहेत आणि 'दिन' व 'दीन' हेही एक आहेत. म्हणून पहिल्या, काटेकोर कळेने सापडलेल्या नोंदी वर दाखवाव्यात, आणि सैल कळेने सापडलेल्या त्यांच्या खाली, 'मिळतीजुळती शीर्षके' असा मथळा देऊन दाखवाव्यात. वाचकाला फरक कळतो आणि पुस्तकही हरवत नाही. या सैल कळेचा आणखी एक लाभ असा की आजही अनेक वाचक घाईने ऱ्हस्व-दीर्घ चुकवून टंकतात, त्यांचीही सोय होते.

प्रतिसाद: ओळअंतर

वरील सूचना उत्तम आहे. क्रमाच्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगतो. आपली यादी कोड पॉइंटच्या (युनिकोडमधील अक्षरक्रमांकांच्या) क्रमाने लागत आहे. त्यात ळ चा कोड ल नंतर येतो. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोड संचाची कोलेशने (भाषेनुसार अक्षरक्रमाचे नियम) आहेत आणि त्यांत मराठीचे स्वतंत्र कोलेशन आहे. शीर्षकाच्या क्रमासाठी ते वापरून पाहावे आणि निकाल ग्रंथपालांना दाखवावा. क्रम सर्व्हरवरच लावावा. यादी पानांमध्ये विभागलेली असताना ब्राउझरमध्ये क्रम लावला तर फक्त समोरचे पान नीट दिसते.

याच कोलेशनच्या सैल, म्हणजे केवळ मूळ अक्षरे ताडणाऱ्या पहिल्या पातळीने शोधही होईल, असे कोणी सुचवेल. ते टाळावे. पहिल्या पातळीवर नुक्ता मोजलाच जात नाही, आणि ऱ हा र व नुक्ता यांचाच समतुल्य असल्यामुळे 'दर्या' आणि 'दऱ्या' पुन्हा एक ठरतात. शिवाय अशा कोलेशनवर आपल्या आवृत्तीत अंशतः जुळणारा शोध चालत नाही.

आद्याक्षरांची बटणे असतील तर शीर्षकाचा पहिला कोड पॉइंट घेऊ नये. आधी शीर्षक 'क्ष' किंवा 'ज्ञ' ने सुरू होते का ते पाहावे आणि नसेल तरच पहिले अक्षर घ्यावे. ब्राउझरमधील सेगमेंटरवरही (मजकुराचे अक्षरांत तुकडे करणाऱ्या सोयीवरही) येथे विसंबू नये, कारण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला आणि जुन्या ब्राउझरांत 'क्ष' चे दोन तुकडे होतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काटेकोर आणि सैल अशा दोन कळा करून पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धावरच्या सर्व नोंदी आता कोणत्याही कळफलकावरून सापडतात, आणि 'काही' असे टंकले असता 'कांही' असलेली जुनी शीर्षके खालच्या गटात दिसतात. मराठी कोलेशनने लागलेली यादी ग्रंथपालांनी तपासून मान्य केली.

आता तीन गोष्टी उरल्या आहेत. 'घर' शोधणाऱ्याला 'घरात' सापडते, परंतु 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' सापडत नाही. जँगोच्या स्लगीफायला (शीर्षकापासून पानाचा पत्ता तयार करणाऱ्या फंक्शनला) युनिकोडची परवानगी दिली तरी पत्त्यात 'मराठी'चे 'मरठ' होते. आणि प्रकाशनवर्ष काही जण देवनागरी अंकांत लिहितात; पायथन '१९५८' ही संख्या म्हणून स्वीकारते, पण त्याआधीच जावास्क्रिप्टमधील तपासणी तो अंक अमान्य ठरवते.

प्रतिसाद: ओळअंतर

शेवटच्या दोन गोष्टी सोप्या आहेत. स्लगीफाय अक्षरे ओळखण्यासाठी पायथनच्या नियमित राशीतील (रेग्युलर एक्स्प्रेशनमधील) शब्दाक्षरांचा वर्ग वापरते आणि त्या वर्गात मात्रा बसत नाहीत. पत्त्यात नोंदीचा दाखल क्रमांक ठेवावा. शीर्षक हवेच असेल तर ते स्वतःच्या फंक्शनने तयार करावे आणि त्यात अक्षरांबरोबर खुणांच्या वर्गालाही परवानगी द्यावी. नाव भरण्याच्या चौकटीवर तपासणी असेल तर तेथेही हेच पाहा. अंकांसाठी, तपासणीच्या आधी जावास्क्रिप्टमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करावे, कारण त्या भाषेतील अंकवर्ग फक्त इंग्रजी अंक ओळखतो.

'पाणी'चे 'पाण्या' होते त्या सामान्यरूपाला छोटा मार्ग नाही. पोस्टग्रेसमध्ये शब्दमूळ काढण्याची सोय हिंदीसाठी आहे. ती मराठीला लावू नये, तिचे प्रत्यय वेगळे आहेत. शीर्षकांच्या शोधापुरते ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांचे तुकडे) विस्ताराने साम्य मोजणे आणि ते निकाल सैल गटातही सर्वांत खाली दाखवणे, एवढे पुरते. डेटाबेसचा लोकेल (भाषाविषयक मांडणी) सी असेल तर तो विस्तार देवनागरी अक्षरे शब्दाचा भाग मानत नाही आणि काहीच सापडत नाही, म्हणून एखाद्या मराठी शब्दाचे ट्रायग्रॅम आधी छापून पाहावेत.

कळेचे फंक्शन शक्यतो डेटाबेसमध्येच लिहावे, पायथनमध्ये त्याची दुसरी प्रत ठेवू नये. एनएफसी करण्याचे फंक्शन पोस्टग्रेस १३ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे कळेचा स्तंभ आपोआप भरणारा करता येतो. पुढे नियम बदललात तर जुन्या ओळींतील कळा आपोआप बदलत नाहीत. सर्व ओळी एकदा पुन्हा लिहाव्या लागतात. तसेच सर्व्हरची प्रणाली अद्ययावत केल्यानंतर कोलेशनची आवृत्ती बदलली असल्यास शीर्षकावरचा इंडेक्स पुन्हा बांधावा. आपण कळेसाठी जी शब्दांची जोडी तपासली, म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या', 'चिंता' आणि 'चिता', 'आनन्द' आणि 'आनंद', ती स्वयंचलित चाचण्यांत घालावी. जॉइनर असलेले रूप चाचणीच्या फाइलमध्ये थेट टंकू नये, कोडक्रमांकाने लिहावे, कारण काही संपादक आणि फॉरमॅटर अदृश्य चिन्हे न सांगता काढून टाकतात.