वज्र दधीचींच्या हाडांचं की त्वष्ट्याच्या हातचं?

खडूफळा:
वृत्र नावाचा असुर मरेना, देव दधीचींच्या आश्रमात गेले, ऋषींनी देह ठेवला आणि हाडांचं वज्र झालं. ही गोष्ट परवा भाचीला सांगत होतो. तिचा प्रश्न, "मामा, हाड तर मोडतं ना?" मी गप्प! मग मूळ शोधत बसलो. ऋग्वेदात पहिल्या मंडलाचं ३२वं सूक्त अख्खं इंद्र-वृत्राच्या लढाईवर आहे, पण त्यात दधीची नाहीतच. 'त्वष्टास्मै वज्रं स्वर्यं ततक्ष', देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने घडवलं, विषय संपला. ८०व्या सूक्तात तर सरळ 'आयस', म्हणजे धातूचं. माझं मत विचाराल तर वज्र हे मुळात कारागिराचं काम. त्यागाची कथा मागाहून चिकटली आणि कारागीर बिचारा अडगळीत गेला.

दर्भासन:
घाई केलीत. आणखी चार सूक्तं पुढे गेला असतात तर ८४व्यात 'इन्द्रो दधीचो अस्थभिः' सापडलं असतं. दधीचाच्या हाडांनी नव्याण्णव वृत्र (इथे अर्थ शत्रू) मारले, असं स्वच्छ म्हटलंय. मागाहून कसली चिकटते?

खडूफळा:
हाडं आहेत, कबूल. पण लगेच पुढची ऋचा वाचा. इंद्र डोंगरात दडलेलं घोड्याचं डोकं शोधतोय आणि ते शर्यणावत नावाच्या ठिकाणी मिळतं. अश्विनीकुमारांनी दध्यङ् (म्हणजे दधीचीच) ऋषीला घोड्याचं शीर लावल्याची जी कथा आहे, तिचाच हा धागा. इथे हाडं मागितली कुणी नि दिली कुणी? दान कुठेय?

सांडगीमिरची:
दोघंही वेदातच अडकलात. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिराला हीच कथा सांगतात. तिथे दधीची देह ठेवतात, आणि देव ती हाडं घेऊन जातात कुणाकडे? त्वष्ट्याकडेच! सहा धारांचं वज्र तोच घडवतो. अडगळ वगैरे काही नाही.
गंमत पुढे आहे. भागवतात वृत्राला जन्माला घालणारा त्वष्टाच, इंद्राने मुलगा मारला म्हणून. आता बापानेच दुसऱ्या मुलाला मारायचं हत्यार घडवायचं? म्हणून की काय, तिथे ऐरणीवर विश्वकर्मा येतो. (हा माझा तर्क, भागवतकार असं कारण देत नाहीत.)

दर्भासन:
हे आवडलं. पण खडूफळा, अर्थ फक्त जुन्यात जुन्या ऋचेतच असतो हा हट्ट सोडा. परमवीर चक्रावर चार वज्रं आहेत. पदकाचं डिझाइन सावित्री खानोलकरांचं, जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या. आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर दिली गेली. घरच्यांच्या हातात ते पदक ठेवताना त्वष्ट्याच्या कारागिरीचं कौतुक सांगणार का?

खडूफळा:
सांगणार नाही. तेवढ्यापुरते दधीची तुमचे. पण उरलेले सात जण जिवंत असताना सन्मानित झाले, हेही धरा. वज्र लढणाऱ्याच्याही हातात असतं.

सांडगीमिरची:
आणि भाचीचा प्रश्न तसाच राहिला की! वनपर्वातला त्वष्टा ती हाडं घेऊन नेमकं काय करतो, हे तिला आधी सांगा.