अपेक्षा वेगळी, स्वप्नरंजन वेगळं

'नवीन वर्षाकडून काही अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही' हे काही जणांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण 'फक्त चांगलाच विचार करा' हेही तितकंच धोक्याचं वाटतं. गाब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॅडन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याची गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी. म्हणजे आशावादही दोन प्रकारचा असतो, आणि आपण बहुतेकदा दोन्ही एकत्र कालवतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या जानेवारीत मी पडल्या पडल्या डोंगर चढत होतो, मनातल्या मनात! व्यायाम तसाच राहायचा. मग वहीत एकच ओळ लिहिली: 'सकाळी गुडघा आखडलेला असेल आणि उठावंसं वाटणार नाही.' त्या दिवसापासून व्यायामाचा रबरी पट्टा रात्रीच पलंगाच्या पायाला बांधून ठेवू लागलो. डोळे उघडले की हात आधी त्यावरच जायचा. मार्चपर्यंत काठी सुटली.