१८+ गेमसाठी आधार? अजिबात नको

हर्णैचा गेमर: काल इथे एका ताईंनी लिहिलं की १८+ गेम ऑनलाइन विकताना आधार नि सेल्फी सक्तीचे करा, म्हणजे आईबापांच्या डोक्याचा ताप जाईल. वाचून राहवलं नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, नुसती जन्मतारीख विचारतात, कोणीही १९९० टाकतं नि पुढे जातं, ते फुसकं आहे हे मान्य, पण म्हणून थेट आधारचा फोटो? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गेमरांच्या गप्पांच्या ॲपने स्वतः सांगितलं की त्यांचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून साधारण ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असू शकतात, नि ते लोकांनी ॲपने वय चुकीचं धरलं अशा तक्रारीसाठीच दिलेले. पासवर्ड बदलता येतो, आधार नंबर कसा बदलणार? दुकानाला "अठरा पूर्ण, हो की नाही" एवढंच कळू दे.

चिपळूणची आई: ती ताई मीच. तुम्हाला पोरं आहेत का? आमचा आठवीतला मे महिन्यात मामाकडे जीटीए हा १८+ गेम खेळून आला नि घरी येऊन आजोबांच्या मोबाइलवरून यूपीआयने विकतच घेतला. पिन त्याला पाठ, आजोबांचा रिचार्ज तोच मारतो ना. दारू विकताना वय बघतात, मग हे का नको?

तारकर्ली होमस्टे: दारूक कायद्यात २५ वर्सा लिवलेली आसत, पण दुकानात कोण इचारता? आणि आधारचा म्हणशात तर सीझनात माका पाहुणे आपणहून व्हॉट्सॲपवर फोटो धाडतत.

हर्णैचा गेमर: आणि तुम्ही ते डिलीट करता का? मास्क्ड आधार मागा, पहिले ८ आकडे झाकलेले असतात.

तारकर्ली होमस्टे: पाहुणो रात्री अकराक दारात, रेंज नाय, पोरा झोपलेली, तेका सांगू मास्क्ड डाउनलोड कर? रजिस्टर पोलीस बघतत, तुमी नाय. माका चोर ठरवू नकात!

देवरुखकर: चोर कोणी म्हटलं नाही हो, पण मागच्या वर्षी एका लॉजवर माझ्या आधारच्या झेरॉक्सच्या पाठीवर दुसऱ्याचं बिल लिहून देत होते, डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे राग येतोच. गेमचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२५ पासून स्टीम मॅच्युअर, म्हणजे मोठ्यांच्या गेमसाठी क्रेडिट कार्ड जोडायला लावतं, तिकडे ते १८ च्या आत मिळत नाही. ओळखपत्र नको, सेल्फी नको. आपल्याकडे तेच करा.

हर्णैचा गेमर: आपल्याकडे किती घरांत क्रेडिट कार्ड आहे? सगळं यूपीआयवर. डेबिट कार्ड म्हणाल तर १० वर्षांपुढच्या मुलाला स्वतःचं खातं चालवता येतं, बँक त्याला कार्डही देऊ शकते. नि सेल्फीचं तर हसंच झालं, ब्रिटनमध्ये लोकांनी डेथ स्ट्रँडिंग या गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून डिस्कॉर्डचं वय ओळखणारं स्कॅन पार केलं.

चिपळूणची आई: म्हणजे सगळं आम्हीच बघायचं, विकणारा मोकळा!

हर्णैचा गेमर: मोकळा नाही. स्टीम फॅमिली या स्टीमच्याच सोयीत मुलाचं खातं जोडलं की कुठला गेम उघडायचा ते तुम्ही ठरवता, खरेदीची विनंती तुमच्याकडे येते. तेच विकणाऱ्याने सगळीकडे द्यायला हवं, नि आधी आजोबांचा पिन बदला.

चिपळूणची आई: पिन आजच बदलते. आधारचं सोडते, फोटो फुटतात हे पटलं. पण नुसत्या जन्मतारखेवर १८+ गेम विकणं बंद झालंच पाहिजे, त्यावरून मी हटणार नाही.

तारकर्ली होमस्टे: माझ्या रजिस्टराचा काय करूचा, तेचा उत्तर अजून कोणी देऊक नाय.